शिवेबाहेरचा गाडा
(राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या चरित्राच्या अनुषंगाने)

महामारीच्या दिवसांत मनुष्याच्या श्रद्धेची खरी जात कळून येते. सुखाच्या काळात सर्वांचीच भक्ती सारखी दिसते. मृत्यू शेजारच्या घरापर्यंत येऊन पोहोचला, म्हणजे मात्र कोण कोणाला शरण गेला आहे, हे लपून राहत नाही. चांदा जिल्ह्याच्या झाडीत, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत, प्रत्येक गावाच्या कडेला मातामायचे ठाणे असते. कडुनिंबाखाली शेंदूर माखलेले चार दगड, एवढेच त्याचे रूप. गावात देवी आल्या, पटकी उद्भवली, की त्या ठाण्यापुढे कोंबडे-बकरे कापले जात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घराघरांतून मारबत निघते आणि घरातील रोगराई सोबत घेऊन जाण्याचा तिला पुकारा होतो. महाराष्ट्रात इतरत्र मरीआईचा गाडा काढण्याची चाल होती. लहानशा लाकडी गाड्यात देवीला बसवावयाचे, वाजतगाजत गावाबाहेर न्यावयाचे आणि शिवेपलीकडे सोडून मागे न पाहता परतावयाचे.

या रीतींना हसणे सोपे आहे. परंतु ज्यांच्याजवळ दुसरा कोणताच उपाय नव्हता, त्यांचे हे धडपडणे होते, हे विसरता येत नाही. शिवाय त्या निमित्ताने भेदरलेले गाव एकत्र येत असे, हेही खरेच. या चालीतील खरा दोष निराळाच आहे. एका गावाची शीव जेथे संपते, तेथेच दुसऱ्या गावाची सुरू होते. आपल्या दारातील मरण शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे यालाच धर्म समजले गेले, आणि मग शेजारचे गावही तोच गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर ओढून नेऊ लागले.

गाव म्हणजे काय, गावचा देव कोणता आणि त्याची सेवा कशी करावयाची, हे प्रश्न वऱ्हाड आणि झाडीतील सामान्य माणसापुढे ज्यांनी अखंड चाळीस वर्षे मांडले, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होत. ते आपल्या मार्गातील नव्हते. देवताविषयक त्यांचा विचार आणि आपल्या शास्त्राचा विचार यांत अंतर आहे, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याविषयी पुढे लिहावयाचेच आहे. तथापि रोगराईत सापडलेल्या समाजाला श्रद्धेचा उपयोग नेमका कसा होतो, हे पाहावयाचे तर त्यांच्या चरित्राइतके जवळचे उदाहरण या प्रदेशात दुसरे सापडत नाही.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. वडिलांचे नाव बंडोजी, मातेचे मंजुळाबाई आणि मुलाचे माणिक. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पुनीत झालेले आपले ऋद्धिपूरही त्याच जिल्ह्यात आहे, हे वाचकांस विदितच आहे. घरची परिस्थिती हलाखीची होती. शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. भजन म्हणावे आणि मिळालेल्या भाकरतुकड्यावर राहावे, असा या मुलाचा क्रम पाहून गुरूंनी त्याला तुकड्या म्हटले, आणि तेच नाव पुढे सर्वत्र रूढ झाले. आपल्या भजनांच्या अखेरीस ते स्वतःला तुकड्यादास म्हणवीत.

माणिक नऊ वर्षांचा असताना १९१८ साल उजाडले. त्या वर्षी मानमोडी आली. त्या सालाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्या पिढीच्या धर्मविचारावर त्याची छाया पडलेली आहे.

युरोपातील महायुद्ध संपत आले होते. सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजांबरोबर हा ताप जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात तो परतला, तेव्हा त्याचे रूप पालटलेले होते. रेल्वेच्या रुळांवरून तो वऱ्हाड-नागपुरात आला आणि स्टेशनांपासून बैलगाडीच्या वाटांनी दूरच्या खेड्यांत शिरला. त्यातच त्या वर्षी पाऊस रुसलेला. पिके करपली, धान्य महागले आणि अर्धपोटी शरीरांना हा ताप भिडला. सामान्यतः साथीत म्हातारे आणि तान्ही मुले जातात. या साथीने वीस ते चाळीस वर्षांची माणसे, म्हणजे घराचे कर्ते पुरुष आणि लेकुरवाळ्या स्त्रिया, अधिक नेल्या. हिंदुस्थानात १ कोटी २० लक्षांहून अधिक माणसे दगावली असे मानतात. सर्वाधिक हानी झालेल्या मुलखांत मध्यप्रांत-वऱ्हाडची गणना होते. मध्यप्रांतात हजारी पन्नासांहून अधिक माणसे गेली. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत आजच्या भारताच्या भूमीवरील लोकसंख्या वाढावयाची ती किंचित घटली. शिरगणतीच्या इतिहासात असे दशक दुसरे नाही.

या रोगाचे कारण तेव्हा डॉक्टरांसही ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला तो १९३३ साली. वैद्यही हतबल आणि सरकारही हतबल, अशी ती स्थिती होती. अशा वेळी मनुष्य देवाकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की वळून तो काय करतो? कोणी कोपलेल्या देवीला जीव देऊ करतो आणि कोणी हे सर्व पूर्वकर्म म्हणून हातपाय गाळून बसतो. पहिल्याची श्रद्धा भयातून आलेली असते. दुसऱ्याच्या आळसाने श्रद्धेचे वस्त्र पांघरलेले असते. कर्माचा सिद्धांत खरा. परंतु तहानलेल्या रोग्याला पाणी न देण्यासाठी तो सांगितलेला नाही.

बालपणी घडलेले असे आघात मनुष्यास कोठे नेतील याचा नेम नसतो. या मुलाला त्यांनी, अथवा गुरुवियोगाने, अथवा दोहोंनी मिळून म्हणा, अरण्यात नेले. वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी तो घर सोडून निघाला. सालबर्डी, रामटेक आणि मग चिमूरच्या अवतीभवतीचे रान, अशी त्याची भ्रमंती झाली. चिमूर तालुक्यातील रामदेगीचा घोळ आणि गोंदोड्याची गुंफा ही त्याच्या तपाची स्थाने म्हणून प्रसिद्ध आहेत. सागवान, बांबू आणि मोहाचे ते अरण्य ताडोब्याला लागून आहे. आजही त्या भागात वाघाचा वावर आहे. शंभर वर्षांपूर्वी तो किती असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्या वनवासाच्या अनेक अद्भुत कथा सांगितल्या जातात. त्या येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण पुढे स्वतः महाराजांनीच चमत्कारांना फारसे महत्त्व दिले नाही.

झाडीमुलखाची रचना लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे पुढील कार्य समजावयाचे नाही. हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. मालगुजारीच्या काळापासूनचे तलाव गावोगाव आहेत. शेताला पाणी त्यांचेच आणि गुरांची आंघोळही त्यांतच. कपडे धुणे तेथेच, आणि अनेक ठिकाणी पिण्याचे पाणीही तेथूनच भरले जाई. पावसाळ्याच्या तोंडाशी पटकी उद्भवली की ती याच पाण्यातून घरोघर जाई. रॉबर्ट कॉख या जर्मन पंडिताने १८८४ साली कलकत्त्यास येऊन तेथील एका तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे तुकडोजी महाराज रामदेगीच्या रानात होते, तेव्हा हे ज्ञान चाळीस वर्षांचे जुने झाले होते. परंतु ते ज्ञान पुस्तकात होते, आणि तलावाच्या काठावर मातामायचे ठाणे होते. या दोहोंमधील अंतर कोणी तोडावयाचे? सरकारी अधिकारी गावात येई, विहिरीत लाल औषध टाकी आणि निघून जाई. गावकरी त्याला भीत. त्याच्यावर विश्वास मात्र ठेवीत नसत. लोकांच्या विश्वासातील माणूस लोकांच्याच भाषेत बोलेल, तेव्हाच हे अंतर तुटणार होते.

तसा माणूस अरण्यातून खंजिरी घेऊन बाहेर आला. मराठी आणि हिंदी भजनांतून त्याची वाणी वाहू लागली. माणसे शेकड्यांनी, मग सहस्रांनी जमू लागली. त्यांतील पुष्कळ माणसे अंगारा मिळेल, दुखणे जाईल, भूत उतरेल, या आशेने येत. कोणत्याही साधूच्या आयुष्यातील हा कसोटीचा क्षण होय. लोक स्वतःहून ज्या पीठावर बसवावयास तयार असतात, तेथे बसण्याचे नाकारणे फार कठीण. वैराग्याची वस्त्रे धारण केलेले कित्येकजण येथेच घसरले. गंडेदोऱ्यांच्या धंद्यात महामारीइतकी बरकत दुसऱ्या कोणत्याही काळात नसते. तुकडोजी महाराजांनी ती वाट धरली नाही. देवीच्या नावाने होणारी पशुहत्या, दारू, भूतखेत आणि अंगात येणे यांविरुद्ध ते आपल्या भजनांतून आणि भाषणांतून सतत बोलत राहिले, आणि तेही अशा श्रोत्यांपुढे, की ज्यांच्यापैकी अनेकांनी मागच्याच आठवड्यात बकरे कापलेले असावे.

१९३५ साली सालबर्डी येथे त्यांच्या प्रेरणेने मोठा यज्ञ झाला आणि त्यास लाखोंचा समुदाय लोटला. त्याच वर्षी अमरावती-नागपूर मार्गावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला. पुढील वर्षी, १९३६ मध्ये, महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेगावात, म्हणजेच नंतरच्या सेवाग्रामात, जाऊन सुमारे महिनाभर राहिले. गांधीजी स्वतः त्या खेड्यात नुकतेच येऊन राहिले होते. सेगाव हिवतापाचे गाव. त्याच वर्षी गांधीजींनाही त्या तापाने गाठले. तेथे प्रार्थना आणि झाडू यांचा एकत्र संसार होता. सकाळी देवाचे नाव घ्यावयाचे आणि त्याच हाताने रस्त्यावरील मैला उचलावयाचा, हा त्या आश्रमाचा नित्यक्रम. महाराजांच्या भक्तीला तेथे नवे वळण मिळाले असे म्हणण्यापेक्षा, जे त्यांच्या मनात होते त्याला तेथे रीत सापडली, असे म्हणणे मला अधिक युक्त वाटते. यज्ञासाठी लाखो माणसे एकदा जमतात आणि पांगतात. गाव मात्र रोज सकाळी घाण होते.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला जे घडले, ते सर्वांस ठाऊक आहे. त्या उठावामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती म्हणून सरकारने त्यांना पकडले. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगवास भोगून ते डिसेंबरात सुटले. १९४३ मध्ये श्रीगुरुदेव सेवा मंडळाची रीतसर उभारणी झाली.

या मंडळाने गावोगाव जी चाकोरी घालून दिली, तिच्याकडे साधकांनी बारकाईने पाहावे. पहाटे उठावे, ध्यानास बसावे, नंतर सर्वांनी मिळून गाव झाडावे आणि रामधून म्हणत गावातून फेरी काढावी. सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. प्रार्थनेसाठी देऊळ लागत नाही. मोकळ्या मैदानावर ओळींनी बसावयाचे; समोर एक आसन मांडलेले असते, त्यास अधिष्ठान म्हणतात, आणि त्यावर मूर्ती नसते. कोणत्याही जातीचा आणि कोणत्याही धर्माचा मनुष्य त्या ओळीत बसू शकतो. ज्या काळात विदर्भातील कित्येक देवळांची दारे अस्पृश्यांस बंद होती, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

महामारीच्या दृष्टीने या चाकोरीचे मोल काय? साथ आल्यावर गावाला स्वच्छता शिकवू गेले, तर गाव शिकत नाही. तेव्हा भय असते, अफवा असतात आणि ज्याच्या घरी पहिला रोगी निघाला त्याच्यावर राग असतो. जी सवय साथीपूर्वी दहा वर्षे अंगवळणी पडली असेल, तीच साथीत उपयोगी पडते. आणि केवळ आरोग्याच्या नावाने ही सवय टिकत नाही, कारण निरोगी मनुष्याला आरोग्याची आठवण राहत नाही. देवाच्या नावाने मात्र ती टिकते. पहाटेचे ध्यान चुकवू नये, म्हणून मनुष्य उठतो; उठला म्हणून झाडू हाती घेतो. श्रद्धेने रोगाचा जंतू मरत नाही; पण ज्या शिस्तीने तो दूर राहतो ती शिस्त श्रद्धेवाचून खेड्यात फार दिवस टिकलेली दिसत नाही. महाराजांच्या सर्व कार्याचे रहस्य येथे आहे, असे मी मानतो. प्रार्थनेच्या ओळीत शेजारी बसलेला मनुष्य कोणत्या जातीचा हे न पाहण्याची सवय लागली, तर उद्या त्याच्या घरी पटकीचा रोगी असताना पाण्याचा तांब्या घेऊन जाणारे पाऊल कदाचित अडखळणार नाही.

१९५५ साली ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. एक्केचाळीस अध्यायांचा आणि ४६७५ ओव्यांचा हा ग्रंथ महाराजांनी ग्रामदेवतेला अर्पण केला आहे. या शब्दाजवळ थांबले पाहिजे. विदर्भातील खेडुतांच्या मनात ग्रामदेवता म्हणजे शिवेवरची ती शेंदराची, बकऱ्याची, कोपणारी देवी. महाराजांनी शब्द तोच ठेवला आणि त्याचा अर्थ गावात राहणाऱ्या माणसांकडे वळविला. गाव हेच देवाचे रूप ठरले, म्हणजे गावाची विहीर देवाची ठरते आणि विहिरीकाठचा चिखल हा देवापुढील उपमर्द ठरतो. एकदा हे मान्य केले, की गाडा ओढून नेण्यास जागाच उरत नाही. कारण शिवेपलीकडे जे गाव आहे, तेही त्याच देवाचे आहे.

ग्रंथातील बारावा अध्याय ग्रामशुद्धीचा, तेरावा ग्रामनिर्माणाचा आणि चौदावा ग्रामआरोग्याचा. रस्ते, नाल्या, शेणखताचे खड्डे, शौचाची जागा, पिण्याचे पाणी, आहार, व्यायाम या गोष्टी ओवीबद्ध होऊन अध्यात्माच्या पंक्तीस येऊन बसल्या आहेत. काही विद्वानांना हे ग्रंथाचे वैगुण्य वाटले. उकिरड्याला ओवी कशाला, असे ते विचारतात. परंतु ज्याच्या घरी ओवी हीच एक पवित्र वाणी आहे, त्याला उकिरड्याविषयी सांगावयाचे तर ते ओवीतूनच सांगितले पाहिजे. रोग बहुतांशी आपल्या राहणीतून उपजतात, त्यांचा भार दैवावर आणि देवीवर टाकू नये, हा त्या विवेचनाचा आशय आहे. यात्रा-मेळ्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. संतांच्या चमत्कारांवरही आहे, आणि त्यात चमत्कार हे संतत्वाचे गमक मानलेले नाही. आरोग्यविवेचनात निसर्गोपचारावर आणि जुन्या उपायांवर त्यांचा जो भर आहे, तो आजच्या वैद्यकाला सर्वस्वी मान्य होणार नाही. त्या बाबतीत ग्रंथ आपल्या काळाशी बांधलेला आहे. मोझरीस पुढे आयुर्वेदाचे रुग्णालय आणि महाविद्यालयही उभे राहिले.

आता आपल्या शास्त्राकडे पाहू. महानुभाव साधकाला देवतांचे भय असावयाचे कारण नाही. देवता आहेत, त्यांची फळे आहेत, परंतु ती मर्यादित आणि नश्वर. जीवाला मोचक असा एक परमेश्वरच. या सिद्धांतामुळे वासनिकांच्या घरी साथीच्या दिवसांतही मातामायपुढे पशू कापण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अहिंसा हा तर आचाराचा पायाच. तुकडोजी महाराज सर्व उपासनांना एकाच ईश्वराकडे नेणाऱ्या वाटा मानीत आणि त्यांच्या प्रार्थनेत सर्वांना स्थान होते. अनन्यतेच्या दृष्टीने आपल्याला ते मान्य करता येत नाही. येथे गोड शब्दांची मखलाशी करण्यापेक्षा अंतर स्पष्ट सांगितलेले बरे.

परंतु दुसरी बाजूही आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी विटाळाची कल्पना कशी मोडून काढली, हे ‘लीळाचरित्र’ वाचणाऱ्यांस सांगावयास नको. शरीराच्या द्वारांतून जसे इतर स्राव होतात तसाच स्त्रीधर्मही एक, असे सांगून त्यांनी शिवाशिवीच्या मुळावरच घाव घातला. भिक्षा चारही वर्णांत करावयास लाविली. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंनी मातंगांच्या पाण्याची सोय केली, ती लीळाही स्मरणात आणावी. ईश्वरावताराने तहानलेल्या आणि वाळीत पडलेल्या माणसांसाठी पाण्याची चिंता वाहावी, याचा अर्थ आपण नुसता स्मरणापुरताच घ्यावयाचा काय? अनन्यतेने देवतांचे भय गेले, ही अर्धी वाट झाली. ज्याचे भय गेले आहे, त्याने रोग्याजवळ जावयाचे नाही, तर कोणी जावयाचे? साथीत दार लावून आत नामस्मरण करणारा साधक आणि दार लावून आत नवस बोलणारा संसारी, यांत शेजारच्या रोग्याच्या दृष्टीने काय फरक पडतो, याचा विचार आपल्या आश्रमांतून व्हावा असे वाटते. हा विचार मला तुकडोजी महाराजांच्या चरित्राने सुचविला, हे प्रांजळपणे नोंदवितो.

ग्रामगीतेच्याच वर्षी महाराज जपानमधील जागतिक धर्मपरिषदेस गेले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधुसमाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. विनोबांच्या भूदानकार्यातही त्यांनी सहभाग घेतला. अखेरच्या काळात कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. आयुष्यभर आरोग्याविषयी बोललेल्या पुरुषाला असा असाध्य रोग व्हावा, यात काहींना विसंगती वाटली. वास्तविक देहधर्म कोणासच चुकलेला नाही.

त्यांच्या पश्चात थोड्याच वर्षांत एक मोठी घटना घडली. ज्या रोगाच्या नावाने मातामायची ठाणी उभी राहिली, तो देवीचा रोग भारतातून नाहीसा झाला. शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त म्हणून घोषित झाला. लस टोचणारे कर्मचारी रानावनांतील गावांत पायी पोहोचले, म्हणून हे झाले. ठाणी मात्र अजून आहेत. आषाढ-श्रावणात त्यांच्यापुढे दिवाही लागतो. रोग गेला आणि देवी राहिली, ही गोष्ट धर्माच्या अभ्यासकाने विसरण्यासारखी नाही. मनुष्याला केवळ रोगनिवारणासाठी देव हवा असता, तर १९७७ नंतर ती ठाणी ओस पडली असती.

महाराजांच्या पुण्यतिथीस दर वर्षी गुरुकुंजात लाखो माणसे जमतात आणि त्यांच्या निर्वाणाच्या क्षणी तो सारा समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. २०२० साली तो समुदाय जमला नाही. त्या वर्षी मार्चपासून कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील सर्व प्रार्थनास्थळे बंद होती. ती उघडली १६ नोव्हेंबरला. चैत्रातील चंद्रपूरच्या महाकालीची यात्राही भरली नव्हती. मराठवाड्यातून पायी येणाऱ्या भाविकांच्या पिढ्यांनी असे वर्ष पाहिले नव्हते.

त्याच मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीचे सहस्रावधी मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेले होते. वाहने बंद झाली. अनेकजण बायकामुलांसह, डोक्यावर बोचकी घेऊन, जंगलाच्या वाटांनी पायी निघाले. गावी पोहोचले तेव्हा कित्येक ठिकाणी वाटेवर बांबू आणि झाडांच्या फांद्या आडव्या टाकून शीव बंद केलेली होती. शंभर वर्षांपूर्वी गाडा शिवेबाहेर जाई. आता शिवेबाहेर आपलीच माणसे उभी होती. गावाने त्यांना आत घ्यावे तर रोगाचे भय, न घ्यावे तर ती जाणार कोठे? अनेक गावांनी वाट काढली. शाळेची इमारत त्यांच्यासाठी मोकळी केली, चौदा दिवस त्यांना तेथे निराळे ठेवले. घरच्या माणसांनी वेळच्या वेळी डबा आणावा, फाटकाजवळ ठेवावा, दूर उभे राहून दोन शब्द बोलावेत आणि परत जावे, असा क्रम चालू झाला.